थट्टेचे इंग्रजी

इंग्रजी भाषेशी आमचा परिचय शाळेच्या बाकावर झाला आणि त्याला आता साठ वर्षे होत आली. एवढ्या अवधीत या भाषेने आम्हांस पुष्कळ दिले. रजेचा अर्ज तिच्यात कसा लिहावा, वरिष्ठांना उत्तर देताना नकार होकारासारखा कसा दिसू द्यावा, कोणाच्या घरी दुःखद प्रसंग ओढवला असता चार ओळींत सहानुभूती कशी कळवावी, हे सर्व आम्ही तिच्याकडून शिकलो. मात्र सलगीच्या माणसाची इंग्रजीत थट्टा कशी करावी, हा धडा कोणत्याही इयत्तेच्या पुस्तकात आम्हांस आढळला नाही. याचा परिणाम आमच्या बरोबरीच्या बहुतेक सुशिक्षितांवर झालेला दिसतो. ही मंडळी रागावली म्हणजे इंग्रजीत रागावतात. किंबहुना रागास भारदस्तपणा यावा म्हणूनच ती इंग्रजीकडे धाव घेतात. पण थट्टेची लहर आली की लागलीच मराठीवर येतात. सभेत तासभर अस्खलित इंग्रजी बोललेला वक्ता चहाच्या वेळी स्नेह्याच्या वाढत्या पोटाविषयी बोलू लागला की त्याच्या तोंडून इंग्रजीचा एक शब्दही निघत नाही.

ही उणीव आपल्यापुरती तरी भरून काढावी, म्हणून नोकरीतून मोकळे झाल्यावर आम्ही एक वही घातली आणि थट्टा, खोडी, गंमत या अर्थाचे इंग्रजांच्या घरगुती बोलण्यातील शब्द तीत टिपू लागलो. प्रँक, लार्क, जेप, चाफ, जॉश, किड, रॅग, रिब, होक्स, स्पूफ, बँटर, टीज, लेग-पुल, हाय जिंक्स, हँकी-पँकी, शेनॅनिगन्स! वहीची पहिली चार पाने बघता बघता भरली. पुढे एकेका शब्दाचे कुळ शोधण्यास कोश उघडला, तेव्हा मोठी मौज झाली. गंभीर इंग्रजी शब्दांना लॅटिन नाहीतर ग्रीक आजोबा हटकून असतो; या मंडळींपैकी निम्म्याअधिकांच्या नावापुढे व्युत्पत्ती अनिश्चित, एवढाच शेरा. ‘प्रँक’ सोळाव्या शतकापासून इंग्रजीत वावरत आहे, पण तो आला कोठून हे निश्चित सांगवत नाही. ‘शेनॅनिगन्स’ हा शब्द १८५५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात प्रथम छापलेला सापडतो. सोन्याच्या शोधात देशोदेशींचे लोक तेथे लोटले होते, त्यांतील कोणाच्या पडशीतून तो आला ते देव जाणे. एका ‘स्पूफ’चा मात्र बाप ठाऊक आहे. आर्थर रॉबर्ट्स नावाच्या एका विनोदी नटाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुसऱ्यास फसविण्याचा एक खेळ काढला आणि त्याला हे अर्थहीन नाव दिले. खेळ मागे पडला आणि नाव उरले. ‘हाय जिंक्स’ हाही मुळी खेळच, स्कॉटलंडातील मद्यपानाच्या बैठकीतला. फासे टाकावयाचे आणि ज्याच्यावर डाव येईल त्याने सांगितलेले सोंग वठवावयाचे, नाहीतर पेला रिकामा करावयाचा. सर वॉल्टर स्कॉट यांनी आपल्या १८१५ सालच्या ‘गाय मॅनरिंग’ या कादंबरीत एका वयस्क वकिलास या खेळात रंगलेला दाखविला आहे.

पण ज्यांचे मूळ सापडते त्या शब्दांत ‘टीज’सारखा बोधप्रद दुसरा नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ लोकर पिंजणे एवढाच होता. लोकरीचा गुंता बोटांनी वा फणीने ओढून ओढून तंतू सुटे करावयाचे, याचे नाव टीज. विणलेल्या कापडावर लव उभी करण्यासाठी ज्या वनस्पतीची काटेरी बोंडे वापरीत, तिचे ‘टीझल’ हे नावही त्याच घरातले. माणसास थोडेथोडे ओढून सतावणे हा अर्थ त्यास सतराव्या शतकात चिकटला. आता ‘हेकल’ पाहा. सभेत वक्त्यास मधूनच प्रश्न टाकून भंडावणे या अर्थी तो आपल्या वर्तमानपत्रांतूनही येतो. मुळात तो अंबाडीसारख्या तागाचे धागे ज्या लोखंडी दातांच्या फणीने विंचरीत, त्या फणीचा शब्द आहे. स्कॉटलंडातील निवडणुकीच्या सभांतून उमेदवारास याच फणीतून काढीत, आणि तेथूनच हा अर्थ सर्वत्र गेला. मेंढ्या पाळणाऱ्या आणि कापड विणणाऱ्या राष्ट्रास थट्टाही चात्या-फणीतच दिसावी हे साहजिकच आहे. आपल्याकडे पिंजारी होते, घोंगड्या विणणारे सणगर होते. पण आपण पिंजला तो विषय. तीच ती गोष्ट पुन:पुन्हा काढणाऱ्यास ‘काय पिंजत बसला आहेस’ असे आपण म्हणतो, थट्टेस ते क्रियापद लाविले नाही.

आपली थट्टा हातांनी होते. कोपरखळी, चिमटा, टपली, गुदगुल्या! पुरणपोळीच्या पंगतीला मांडीस मांडी लावून बसलेल्या माणसांचेच हे शब्द आहेत, कारण कोपर पोहोचण्यास माणूस जवळ बसलेला असावा लागतो. अमेरिकेत १९३० च्या आसपास ‘रिब’, म्हणजे फासळी, हे नाम थट्टा करणे या अर्थी क्रियापद झाले, तेव्हा त्या देशातही कोणी कोणाच्या फासळीत बोट खुपसले असावे असा कोशकारांचा तर्क आहे. म्हणजे आमच्या कोपरखळीस समुद्रापलीकडे एक बहीण सापडली म्हणावयाची. बाकी आपल्या शब्दांची कुळेही काही कमी रंगतदार नाहीत. संस्कृतात ‘चेष्टा’ म्हणजे केवळ हालचाल. मराठीत येताच ती दुसऱ्याची होऊ लागली. वेदकाळी संस्कारबाह्य मनुष्यास ‘व्रात्य’ म्हणत. आज आईने मुलास व्रात्य म्हटले तर त्यात निम्मे कौतुक असते. ‘मस्करी’ ही अरबी ‘मस्खरा’ म्हणजे विदूषक यापासून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आली, आणि इंग्रजीतील मुखवटावाचक ‘मास्क’ हाही त्याच विदूषकाचा वंशज असावा असे पुष्कळांचे मत आहे. ते खरे असेल तर सदाशिव पेठेतली मस्करी आणि व्हेनिसमधला मुखवट्यांचा नाच ही एकाच गोताची ठरतात.

इंग्रजीत याशिवाय एक प्राणिसंग्रहालयच या कामी राबत आहे. ‘किड’ म्हणजे करडू. त्यावरून मूल, आणि मुलासारखे कोणास झुलविणे म्हणजे ‘किडिंग’. उड्या मारून खोड्या करणे हे ‘केपर’, आणि त्यातही लॅटिनमधला बोकड दडलेला आहे. सहज फसतो तो ‘गल’, म्हणजे पंख न फुटलेले पिलू. स्कॉटलंडात एप्रिलच्या पहिल्या तारखेस फसलेल्या माणसास ‘गाउक’, म्हणजे कोकिळेच्या जातीचा पक्षी, म्हणतात. दांडगाईच्या मस्करीस घोडा लाविला आहे आणि लबाडीच्या उद्योगास माकड. या शेवटल्या ठिकाणी मात्र दोन्ही भाषा एकमेकींस भेटतात. ‘मंकी बिझनेस’ला ‘माकडचेष्टा’ याहून बरा प्रतिशब्द कोणी शोधून दाखवावा.

जेथे शब्द सारखे दिसतात तेथे मात्र फार जपावे लागते. ‘लेग-पुल’ म्हणजे शब्दशः पाय ओढणे. इंग्रजाने तुमचा पाय ओढला तर त्याने काही खोटेनाटे गंभीर चेहऱ्याने सांगून तुम्हांस क्षणभर बनविले, एवढेच. त्यात जवळीक असते. मराठी माणसाने तुमचा पाय ओढला तर तुम्ही वर चढत होता आणि त्याला ते पाहवले नाही. फाशी गेलेल्या माणसाचे हाल लवकर संपावेत म्हणून नातलग त्याचे पाय ओढीत, त्यावरून हा वाक्प्रचार आला, अशी एक कथा मोठ्या विश्वासाने सांगतात. ती कोणीतरी मागाहून रचलेली आहे. लंडनच्या टायबर्न येथील फाशीचा माळ अठराव्या शतकातच बंद झाला आणि हा वाक्प्रचार एकोणिसाव्या शतकातला आहे. म्हणजे व्युत्पत्ती सांगणारानेच आपला पाय ओढला म्हणावयाचे. उलट ‘शेंडी लावणे’ आणि ‘टोपी घालणे’ हे आपले प्रयोग इंग्रजास समजावून सांगताना आमची पुरेवाट होते. डोक्यावर काही ठेवले असता मनुष्य फसतो कसा, हे त्यास कळत नाही, आणि खरे सांगावयाचे तर पटेल असे स्पष्टीकरण आमच्यापाशीही नाही.

या सर्व शब्दांत ‘बँटर’ची हकीकत आम्हांस विशेष वाटते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो लंडनच्या रस्त्यांवर उगवला. जोनाथन स्विफ्ट यास त्याची भारी चीड. १७१० साली ‘टॅटलर’ पत्रात त्याने इंग्रजीत घुसलेल्या नव्या टूम-शब्दांवर कोरडे ओढले, त्यांत बँटर आणि बॅम्बूझल हे दोघेही सापडले. आपण वर्षानुवर्षे त्यास अडविण्याची शिकस्त केली, पण संख्याबळापुढे हात टेकले, असे तो खिन्नपणे कबूल करतो. त्याच सुमारास दुसऱ्या एका लेखात त्याने या शब्दाची वंशावळही दिली आहे, ती अशी की लंडनमधील एका बदनाम वस्तीतले गुंड हा शब्द प्रथम वापरीत, त्यांच्याकडून तो हुजऱ्यांकडे गेला आणि शेवटी पंडितांच्या घरी येऊन राहिला. गंमत अशी की शब्दाचा हा वैरी त्या कलेत मात्र सर्वांचा गुरू होता. १७०८ साली आयझॅक बिकरस्टाफ या खोट्या नावाने त्याने भविष्याचे एक चोपडे काढले आणि त्यात जॉन पार्ट्रिज नावाचा प्रसिद्ध पंचांगकर्ता येत्या २९ मार्चच्या रात्री अकराच्या सुमारास तापाने मरेल, असे भाकीत केले. ती तारीख उलटताच भाकीत खरे ठरल्याची वार्ता आणि मृतासाठी विलापिकाही छापून आली. पार्ट्रिज बिचारा आपण जिवंत असल्याचे ओरडून सांगत राहिला. ज्याने उभा जन्म इतरांची मरणे छापली, त्याला स्वतःचे जिवंतपण छापून सिद्ध करावे लागले! हा एप्रिल फूल आम्हांस क्षम्य वाटतो. फसविणारा आणि फसणारा दोघेही छापखान्याच्या आखाड्यातले होते आणि पार्ट्रिजच्या हातीही लेखणी होती.

बर्नर्स स्ट्रीटच्या प्रसिद्ध होक्सविषयी मात्र आमचे मत तितके मवाळ नाही. १८१० च्या नोव्हेंबरात थिओडोर हुक नावाच्या बावीस वर्षांच्या एका तरुण नाटककाराने आपल्या मित्राशी पैज मारली की लंडनमधील कोणतेही साधे घर आठवड्याभरात आपण शहरात सर्वांत गाजलेले करून दाखवू. त्या रस्त्यावरील चोपन्न क्रमांकाच्या घरात टॉटनहॅम नावाच्या एक बाई राहत. हुकने त्यांच्या नावाने शेकडो पत्रे लिहून नाना धंद्यांच्या माणसांना एकाच दिवसाचे बोलावणे धाडले. पहाटे धुराडे झाडणारा आला. मोलकरीण त्यास परत पाठविते आहे तोच दुसरा आला, मग तिसरा. मग कोळशाच्या गाड्या, केक घेऊन भटारी, डॉक्टर, वकील, शवपेट्या करणारे सुतार, पियानो वाहणारे हमाल. दुपारपर्यंत रस्ता तुंबला, गाड्या एकमेकींत अडकल्या, फुटाफुटी झाली, आणि या गर्दीत लंडनचे लॉर्ड मेयर यांचीही गाडी येऊन पोहोचली. हुक आणि त्याचे मित्र समोरच्या घराच्या खिडकीत बसून हा देखावा पाहत होते, असे सांगतात.

इंग्रजी ग्रंथकार ही कथा दोनशे वर्षे खो खो हसून सांगत आले आहेत. लॉर्ड मेयर गर्दीत सापडला याचे आम्हांसही वाईट वाटत नाही. पण त्या कथांतून टॉटनहॅमबाई संध्याकाळी काय म्हणाल्या ते कोणी लिहून ठेविलेले आम्हांस आढळले नाही. आणि ज्या भटाऱ्याने पहाटे उठून केक भाजला व ज्या हमालाने पियानो खांद्यावर घेऊन लंडनचे रस्ते तुडविले, त्यांची मजुरी कोणी दिली याचाही कोठे पत्ता नाही. हुकची एक लहानशी गोष्ट मात्र आम्हांस आवडते. १८४० साली त्याच्या फुलहॅम येथील पत्त्यावर टपालखात्यातील कारकुनांचे व्यंगचित्र काढलेले एक पत्र आले; ते बहुधा त्यानेच स्वतःस धाडले असावे. आज ज्ञात असलेल्या चित्रपोस्टकार्डांत हे सर्वांत जुने आहे आणि २००२ साली ते एकतीस हजारांहून अधिक पौंडांस विकले गेले. त्या वेळी मात्र या थट्टेचा खर्च एका तिकिटापुरता होता आणि तो त्याच्याच खिशातून गेला.

याच पंक्तीत १९१० सालचा ड्रेडनॉट होक्स येतो. होरेस कोल नावाच्या श्रीमंत टवाळाने पाच सोबती गोळा केले, त्यांतील चौघांना रंग, दाढ्या आणि पागोटी लावून अॅबिसिनियाचे राजपुत्र बनविले आणि ब्रिटिश आरमाराच्या सर्वांत बलाढ्य युद्धनौकेवर राजेशाही थाटात नेऊन हिंडविले. त्या राजपुत्रांतील एक दाढीवाला म्हणजे पुढे व्हर्जिनिया वुल्फ या नावाने प्रसिद्धीस आलेल्या लेखिका होत. दुभाषा मोडक्या लॅटिन-ग्रीकचे तुकडे बोलत होता. अॅबिसिनियाचे राष्ट्रगीत मिळेना म्हणून वाद्यवृंदाने झांजिबारचे वाजविले आणि पाहुण्यांपैकी कोणी हरकत घेतली नाही. जगावर राज्य करणाऱ्या आरमाराची अशी फजिती झालेली पाहून आमच्यासारख्या त्या साम्राज्याच्या माजी प्रजाजनांस गुदगुल्या न झाल्या तरच नवल. परंतु ही थट्टा वठली ती काळा चेहरा आणि पागोटे दिसले की आतला मनुष्य निरखण्याची गोऱ्या अधिकाऱ्यांना गरज वाटत नव्हती म्हणून; आणि ज्यांनी चेहरे रंगविले त्यांनाही खऱ्या अॅबिसिनियनाविषयी फारशी आस्था होती असे दिसत नाही.

निखळ म्हणावी अशी थट्टा पाहावयाची असेल तर बी. बी. सी. ने १ एप्रिल १९५७ रोजी दाखविलेला स्पॅगेटीचा हंगाम पाहावा. ‘पॅनोरमा’ या अत्यंत गंभीर कार्यक्रमात रिचर्ड डिम्बलबी यांनी आपल्या धीरगंभीर आवाजात सांगितले की यंदा हिवाळा सौम्य गेला, कीडही पडली नाही, त्यामुळे स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतात स्पॅगेटीचे पीक उत्तम आले आहे. आणि पडद्यावर शेतकरी बायका झाडांवर लोंबणाऱ्या शेवया तोडून टोपल्यांत भरताना दिसल्या. त्या काळी सामान्य इंग्रजांच्या ताटात हा पदार्थ क्वचितच येई. हे झाड आम्हांस लावता येईल काय, अशी विचारणा करणारे दूरध्वनी आले. त्यांना उत्तर मिळाले की टोमॅटोच्या रसाच्या डब्यात स्पॅगेटीची एक काडी खोवावी आणि आशा धरून राहावे. इंग्लंडात एप्रिल फूलची मुदत दुपारी बारापर्यंतच. त्यानंतर फसवू पाहणारा स्वतःच मूर्ख ठरतो, हा तेथला दंडक आहे. या कार्यक्रमाने तो वेळेचा दंडक मोडला, कारण तो संध्याकाळचा होता. एवढा एक दोष आम्ही त्यात काढू शकतो. आपल्या शिमग्यालाही मुदत असतेच. धुळवड झाली की बोंब बंद.

मुदतीप्रमाणे नातेही लागते. ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन या मानवशास्त्रज्ञाने १९४० साली ‘थट्टेची नाती’ या विषयावर एक निबंध लिहिला. जगातील पुष्कळ समाजांत ठराविक नातलगांनी एकमेकांची थट्टा करावी आणि ऐकणाराने राग मानू नये असा रिवाजच असतो, हे त्यात दाखविले आहे. मराठी वाचकास यासाठी आफ्रिकेत जाण्याचे कारण नाही. आपल्या लग्नात वधूचा भाऊ भरमांडवात नवरदेवाचा कान पिळतो, आणि ज्या जावयापुढे सगळे घर वाकलेले असते तो निमूटपणे कान पिळून घेऊन वर मेहुण्यास मानपान देतो. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी, आजा-नातू यांस थट्टेची सनद आहे. सासरा-सून यांस नाही. मात्र या सनदेत एक खोट आहे. ती सगळ्यांकडे सारखी नसते.

आमच्या एका काकूंची गोष्ट येथे सांगावीशी वाटते. त्या राजापूरकडच्या. लग्न होऊन पुण्यास आमच्या वाड्यात आल्या तेव्हा त्यांचे वय सतरा होते. त्यांच्या धाकट्या दिरांनी त्यांस सांगितले की पुण्याच्या पत्रपेटीत पत्र टाकताना गावाचे नाव मोठ्याने सांगावे लागते, नाहीतर आत बसलेला मनुष्य ते भलत्याच थैलीत टाकतो. काकूंनी आईस लिहिलेले पत्र घेतले, गल्लीच्या कोपऱ्यावर गेल्या आणि पेटीच्या तोंडाशी तोंड नेऊन गावाचे, तालुक्याचे नाव ओरडल्या. वाड्याच्या सज्जात सगळे घर हसून लोटपोट झाले. पुढे चाळीस वर्षे ही गोष्ट दर दिवाळीस, दर मंगलकार्यात, दर नव्या पाहुण्यापुढे सांगितली जाई आणि प्रत्येक वेळी काकूही पदर तोंडाला लावून हसत. त्यांची सत्तरी उलटल्यावर एका दुपारी त्या वाल सोलीत बसल्या होत्या आणि आम्ही जवळ होतो. तुम्हांला त्या वेळी राग आला नाही का, असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, “राग कसला रे? सासरी येऊन सहा महिने झाले होते, मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. त्या दिवशी माझ्या गावाचं नाव मला ओरडून घेता आलं. भाऊजी हसतायत हे मागाहून कळलं.” मग चार वाल सोलून झाल्यावर म्हणाल्या, “पण दर दिवाळीला सांगायला नको होतं. आणि मी हसले नसते तर तुम्ही मला काय म्हणाला असता?”

काय म्हटले असते ते आम्हांस ठाऊक आहे. चिडका बिब्बा! लहान मुलांच्या खेळातला हा शब्द मोठ्यांच्या जगातही तितक्याच कामाचा आहे. ज्याची थट्टा झाली त्यानेच ती हसून गोड करून घ्यावी, नाहीतर दोष त्याचा. इंग्रजीतही हीच व्यवस्था आहे. हसून घेणारास तेथे ‘गुड स्पोर्ट’, म्हणजे खिलाडू, म्हणतात आणि न हसणारास तुला थट्टा सोसत नाही काय, असा प्रश्न करतात. खेळात आपण उतरलो होतो की नाही, हे मात्र त्यास कोणी विचारीत नाही.

या शब्दांची आपल्या देशात आल्यावर काय गत झाली हे आता सांगणे प्राप्त आहे. ‘रॅग’ हा इंग्लंडातील विद्यार्थ्यांच्या दंगामस्तीचा शब्द. तेथील विद्यापीठांत ‘रॅग वीक’ म्हणून सोंगे घेऊन धर्मादाय कार्यासाठी पैसे गोळा करण्याचा सप्ताह असतो. आपल्या वसतिगृहांत त्याचेच ‘रॅगिंग’ झाले आणि मुलांचे जीव गेले. महाराष्ट्राने १९९९ साली त्याविरुद्ध कायदा केला. त्यात चिडविणे आणि ‘प्रॅक्टिकल जोक’ करणे यांचाही अपराधाच्या व्याख्येत उल्लेख आहे आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैदेची आहे. त्या व्याख्येतला एक भाग आम्हांस फार मार्मिक वाटतो. जे कृत्य विद्यार्थी एरवी आपखुशीने करणार नाही ते त्यास करावयास सांगणे, हेही रॅगिंगच होय. कायद्याच्या कलमाने पत्रपेटीपुढे उभ्या असलेल्या मुलीचा विचार केला असे क्वचितच घडते. तरीही २००९ साली हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयात प्रथम वर्षाचा विद्यार्थी मारहाणीने मेला, आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगास देशभरासाठी कडक नियम करावे लागले.

‘टीज’ची गत तर त्याहून वाईट. रस्त्यात, गाडीत बायकांना जो त्रास दिला जातो त्यास आपल्याकडील वर्तमानपत्रांनी व पोलिसांनी ‘ईव्ह-टीजिंग’ हे लाडिक नाव दिले. शब्द भारतीय इंग्रजीचा. लंडनच्या माणसास तो समजावून सांगावा लागतो. जणू आदिमातेची कोणी किंचित खोडी काढली, एवढाच त्यात अर्थ! तमिळनाडूत १९९८ साली एका विद्यार्थिनीचा अशा त्रासापायी मृत्यू झाल्यावर कायदा झाला, तोही प्रथम याच नावाने; २००२ साली नाव बदलून त्यात ‘स्त्रियांचा छळ’ हे शब्द घातले गेले. चार वर्षांनी का होईना, कायद्याच्या शीर्षकातून थट्टा गेली. मराठीत ‘छेड काढणे’ अद्याप चालूच आहे. सतारीच्या तारेस लावावयाचे ते क्रियापद!

खुद्द इंग्लंडात ‘बँटर’ याच वाटेने गेला आहे. अझीम रफीक हा कराचीत जन्मलेला फिरकी गोलंदाज यॉर्कशायरकडून खेळे. संघात आपल्याला वंशावरून शिव्या दिल्या जात, अशी तक्रार त्याने २०२० साली जाहीरपणे केली. चौकशी झाली, आणि त्याच्या वंशावरून वापरलेली शिवी हा सहकाऱ्यांमधील स्नेहाचा बँटर होता, असा निष्कर्ष अहवालात निघाल्याचे २०२१ च्या नोव्हेंबरात बाहेर आले. त्याच महिन्यात रफीकने पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली आणि सगळा देश त्या एका शब्दावर वाद घालू लागला. गुंडांचा शब्द पंडितांच्या घरी गेला म्हणून स्विफ्ट हळहळला होता. तो वकिलांच्या घरी जाईल हे त्याच्याही ध्यानात आले नव्हते.

आमची एक भाची इंग्लंडच्या उत्तरेकडे एका कचेरीत काम करते. तेथील एक गृहस्थ तिच्या नावाचा दररोज नवा विपर्यास करून हाक मारी आणि आसपासचे हसत. तिने एकदा नापसंती दर्शविली तेव्हा तिला हेच सांगण्यात आले की हा नुसता बँटर आहे. तिने आम्हांस विचारले, “मामा, या ‘नुसता’ला काय उत्तर द्यावं?” आम्ही वही उघडून तिला लोकरीची, करडाची आणि टॉटनहॅमबाईंची सगळी हकीकत लिहून पाठविली; तिचा तिला कितपत उपयोग झाला असेल ते सांगवत नाही. उत्तर तिचे तिनेच शोधले. त्या गृहस्थास तिने सर्वांसमक्ष शांतपणे सांगितले की तुमच्या नावाचे मला काहीच करता येत नाही, कारण ते मी नीट म्हणते. तुम्हांला माझे जमेल त्या दिवशी आपण एकमेकांची थट्टा सुरू करू. दोन दिवस कचेरीत शांतता होती. तिसऱ्या दिवशी त्याने नाव बरोबर घेतले.

तिच्या शेजारच्या मेजावर आयर्लंडच्या एक प्रौढ बाई बसतात. त्या म्हणाल्या की आमच्याकडे यास ‘स्लॅगिंग’ म्हणतात आणि ते आवडत्या माणसाचेच करतात. घरच्यांनी ते एकाएकी थांबविले तर आपले काही चुकले की काय या काळजीने झोप लागत नाही. तुमच्या भाषेत काय म्हणतात, असे त्यांनी विचारल्यावर भाचीने ‘कोपरखळी’ सांगितली आणि कोपराने करूनही दाखविली. बाईंना शब्द फार आवडला आहे. ‘ख’ त्यांना साधला; ‘ळ’ अजून साधत नाही, आणि रोज सकाळी कचेरीत आल्या आल्या त्या भाचीस कोपर मारून तो म्हणून पाहतात.